अकरा रुपये चाळीस पैसे

अंगणवाडीच्या जुन्या हजेरीपटाच्या
पाठकोऱ्या पानावर मी मांडते दोन दुकानं.
मधे उभी रेघ.
डावीकडे दिग्रसच्या बसस्टँडजवळचं समृद्ध बाजार,
उजवीकडे मानोरा रोडचं नवं महालाभ:
एसी, आपोआप सरकणारा दरवाजा,
आणि चपला काढाव्या की नाही
हे दर खेपेला न कळणारी फरशी.

समृद्धवाले शंभराला एक पॉइंट देतात,
पॉइंटचे पन्नास पैसे.
महालाभवाले दोनशेला तीन,
त्यांचे चाळीस-चाळीस पैसे,
पण एकतीस मार्चला सगळे मरतात.
"मरतात म्हंजे?" बेबीनंदा म्हणाली,
"आपन कमावलेले ना?"
म्हटलं, "मानधनवाल्या बाईच्या रजेवानी."

तूरडाळ महालाभला किलोमागे तीन रुपयांनी उतरती.
महिन्याला तीन किलो. नऊ.
तेल दोन्हीकडे त्याच भावाचं,
फक्त समृद्धचं पाउच घरी येईस्तोवर
पिशवीच्या कोपऱ्यात एक डाग पाडतं.
साखरेवर सूट हवी तर बिस्किटांचे सहा पुडे घ्या.
सहा पुडे कोण खाईल?
बसचं अर्धं तिकीट दोन्हीकडे तेच, म्हणून धरलं नाही.
महालाभपर्यंतचं चालणंही धरलं नाही.
बेबीनंदा म्हणते, "धर. पाय का फुकट भेटले?"

गावातल्या गुल्हानेचा एक तिसरा रकाना होता,
तो मी खोडला. पंधरापैकी अकरा जिनसा महाग.
तरी माचिस, मोहरी, अडीनडीचं मीठ त्याच्याकडूनच.
"पॉइंट देऊ का, ताई?" विचारतो,
आणि माझ्या हातावर चार फुटाणे ठेवतो.
हसत मात्र नाही.

महिन्याचे चोवीसशे धरले.
समृद्ध: बारा रुपये परत.
महालाभ: चौदा चाळीस, वर डाळीचे नऊ.
फरक अकरा रुपये चाळीस पैसे.
बेबीनंदानं बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजला,
तरी तेवढाच भरला.

"मंग झालं की. आता कायले जातं
त्या गळक्या पाउचच्या दुकानात?"

मी पेनाचं टोपण चावत बसले.

समृद्धचं कार्ड काढलं तेव्हा
माझ्याकडे फोन नव्हता.
निलकंठचा नंबर दिला होता.
तो आता चाकणला, गाड्यांत सीटा बसवतो,
एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्र.
इकडे मी काउंटरवर पिशवी भरते,
तिकडे त्याच्या खिशात वाजतं:
रक्कम इतकी, जमा पॉइंट इतके, धन्यवाद.

मी बसमध्ये चढेपर्यंत फोन येतो.
"माय, या बारीनं अकराशेचंच घेतलं? काऊन?
बरं हाय ना तुले?"
एकदा म्हणाला, "एका हप्त्यात दोनदा गेली तू,
पाहुने आले का कोनी?"
मी सांगते जवस संपला, सांभार काय भाव झाला,
पिंट्याच्या म्हशीला पारडी झाली.
तो हूं हूं करतो. मागे मशीन चालू असतं.
मग म्हणतो, ठेवतो, सुपरवायझर आला.

एरवी त्याचा फोन
पोळ्याला येतो, दिवाळीला येतो.

बेबीनंदाला यातलं काही सांगितलं नाही.
सांगितलं, महालाभची फरशी घसरते.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या पायातल्या नव्या चपलांकडे,
आणि सुपारी कातरत बसली.

डाव्या रकान्यात तळाशी एक ओळ उरली होती.
तिथं रुपये लिहावे की पैसे, सुचेना.
शेवटी लिहिलं:
एक मिनिट बावन्न सेकंद.

परवा समृद्धला मुद्दाम दोन बिलं केली.
आधी डाळ, तेल, पोहे.
मग पुन्हा रांगेत उभी राहून
कपड्याच्या साबणाची एक वडी.
"शंभराच्या खाली पॉइंट नाही भेटत, काकू,"
काउंटरवरची पोरगी म्हणाली.

"राहू दे पॉइंट. मेसेज जाते ना?"