डावरा

धोंडेवाडीच्या शिवारात, करडईच्या रानात
एकवीस धोंडे गोल बसलेत.
गाव म्हणतं, वऱ्हाड आहे.
मानपानावरून भांडत बसलं, मुहूर्त टळला,
तिथंच थिजलं.
सोळावा धोंडा ओळ सोडून जरा मागं,
तो रुसलेला व्याही.
औत त्याच्याही मागून वळसा घेतं.

टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं इरबाच्या पोराकडं.
करडईचे काटे दोघांच्या पोटऱ्यांना सारखेच.
व्यास चौदा मीटर वीस.
फॉर्मवर अकरा रकाने.
काळ: लोहयुग, बहुधा.
आत काय: माती, राख, काळं-तांबडं खापर,
नशीब असलं तर गंजलेलं लोखंड.
रकाना सात: उद्देश.
तिथं आम्ही तालुकाभर एकच शब्द लिहीत आलो,
'अज्ञात'.
आता कागदाकडं न बघताही लिहिता येतो.

वर माळावर एक सपाट खडक,
त्यावर खळगे. काही वाटीएवढे, काही अंगठ्याएवढे.
दुपारी मोजले, त्रेसष्ट.
उन्ह कलल्यावर पुन्हा मोजले, एकोणसत्तर.
तिरप्या उजेडात सहा नवे उगवले,
किंवा जुनेच, दिवसभर दडी मारलेले.
ना हरीण, ना बैल, ना हातात हात घेतलेली माणसं.
मी चित्रकलेचा डिप्लोमा केलेला माणूस,
मला चित्र पाहिजे होतं.
खळगा म्हणजे काय चित्र?

खडी केंद्रावरून नरसाबाई पाणी प्यायला आली.
भुवयांवर पांढरा धुरळा.
तांब्या ठेवला, खळग्यात अंगठा फिरवला.
"ह्याला छिन्नी न्हाई लागली.
दगडानं दगड टोचलाय. हळूहळू."
एकाला किती दिवस लागले असतील?
रोज ठरवताना मुकादमाकडं बघावं
तसं तिनं माझ्याकडं बघितलं.
"पोटाला असंल तर आठ दिवस.
नसंल तर कोन टोचत बसतंय?"

हे कुठल्या रकान्यात लिहू, कळेना.

मग मी पिशवीतून गारेचा तुकडा काढला.
लेंडीच्या दरडीत सापडलेला,
वऱ्हाड बसलं तेव्हाही
कैक हजार वर्षांचा म्हातारा.
तिनं तो उजव्या हातात धरला, नीट बसेना.
डाव्या हातात घेतला
आणि मूठ आपोआप मिटली.

"डावरा व्हता," म्हणाली.
"आमचा मालक असाच.
कपच्या भलत्याच अंगाला उडायच्या.
ह्याच्या शेजारी कुनी बसत नसंल बघा,
डोळ्यात जायाचं."
मग धारेच्या टोकाला नख लावून,
"आन् हितं एक ठोका राह्यलाय."
का राहिला?
"हाक मारली असंल कुनी."

मी मागं वळून बघितलं.
खरंच बघितलं. नरसाबाई हसली,
इरबाचं पोरही हसलं,
आणि ती धुरळ्याच्या दिशेनं उतरून गेली.

संध्याकाळी शेऱ्यात लिहिलं:
'कारागीर डावरा. एकटा बसत असावा. एक ठोका बाकी.'
साहेबांनी लाल पेनानं खोडलं.
बरोबरच खोडलं, पुरावा कुठाय?

रात्री देगलूरच्या लॉजवर, लाइट गेलेली,
मी तो तुकडा डाव्या हातात धरून बघितला.
मी उजवा. माझ्या डाव्या हाताला
बनियनचं बटणसुद्धा जमत नाही.
पण बोट कुठं, अंगठा कुठं,
ते दगडच सांगत गेला,
अनोळखी घरात कुणीतरी अंधारात
पायरी सांगावी तसा.

मग अंगठ्याला ओलं लागलं.
मेणबत्ती लावली, रक्त होतं, थेंबभर.

रकाना नऊ, सद्यःस्थिती:
धार शाबूत.