फुंकणी

आमच्या चुलीपाशी एक फुंकणी होती,
हातभर लांब, लोखंडी, उचलायला जड.
आत्या म्हणायची, दोन्ही हातांनी धर, दात पडतील.
एका टोकाला लोहाराच्या छिन्नीचा वाकडा काप,
आणि आत, कितीही राखेने घासली तरी न जाणारा
एक काळा वास.

ती बंदुकीची नळी होती.

आडकू हातझाडे, तोड्याच्या बंदुकीचा शिपाई,
भोसल्यांकडे महिना पाच रुपये, तेही तटलेले.
सीताबर्डीच्या उतारावर तो होता
असं आमच्यात सांगतात. होता, एवढंच.
पुढे गेला की मागे फिरला, हे कोणी सांगत नाही.
टेकडी गेली, नोकरी गेली,
आणि पौषाच्या थंडीत तो उगवतीकडे चालत निघाला.
सोबत बयना,
त्याच्या उजव्या हाताला उभा राहायचा त्या गड्याची विधवा,
पोटात तीन महिन्यांचं, त्या गड्याचंच.

वैनगंगा उतरताना पाणी मांडीला.
त्याने बंदूक डोक्यावर धरली, तिने बियाण्याचं गाठोडं.
मधल्या खड्ड्यात त्याचा पाय गेला.
पलीकडे पोचल्यावर कोरडं काय राहिलं ते बघितलं:
धान.

जंगल कोणाचंच नव्हतं, असं आम्ही म्हणतो.
पण पेंटा मडावीने त्याला दाखवलं
पाणी कुठे झोपतं,
कुठल्या उतारावर वारूळ उंच चढतं.
तीन उन्हाळे दोघांनी मिळून पार टाकली.
बयना पाटीने माती वाही, पाठीला पोर बांधून.
तळं भरलं त्या रात्री आडकू पारीवर पहाऱ्याला बसला
आणि जुन्या सवयीने घटकेघटकेला हाळी देत राहिला,
"हुश्शार!"
रानात उत्तर देणार कोण? बेडूक.

बंदुकीचा गज तुडुमाच्या खुंट्यात गेला.
अर्ध्या नळीची कुदळ झाली,
अर्धी बयनाच्या हाती आली.

पहिला फागू, दुसऱ्याचा,
पण तळ्याखालची पहिली बांधी त्यालाच.
मग राही, नदीपार दिली ती एकदाही परतली नाही.
दोघांना नावं ठेवायच्या आधीच पळसाखाली ठेवलं.
चैतूला वाघाने नेलं.
आणि धाकटा सोमा
मिसरूड फुटताच कामठीला गेला,
साहेबाच्या पलटणीत भरती झाला.
बाप त्या दिवशी जेवला नाही.
संध्याकाळी एवढंच म्हणाला,
"पगार वेळेवर देतात म्हणे."

मी छत्तीस वर्षं तलाठी होते.
निवृत्तीच्या आधी एकदा जुन्या बंदोबस्ताची मिसल उघडली.
कागद पापडासारखा, मोडी मुंग्यांसारखी.
तळे एक. बांधणार आडकू वल्द लहानू.
मडावी शोधला.
नाही. मागच्या पानावरही नाही.
नकाशात मात्र पाण्याच्या मधोमध एक ठिपका होता,
शेजारी बारीक अक्षरात:
मोहा. पूज्य. बुडीत.

चैत्रात पाणी हटलं की ते खोड अजून दिसतं.
दूरच्या टोल्यावरून मडाव्यांची माणसं येतात,
गुडघाभर चिखलात उतरतात, खोडाला हळद लावतात,
काठावर तीन दगड मांडून भात रांधतात.
आम्ही पारीवरून बघतो.
दोनशे वर्षं कोणी कोणाला काही विचारलेलं नाही.

गॅस आला तेव्हा फुंकणी माळ्यावर गेली होती.
यंदा मी ती काढली, पुसली,
आणि पार उतरले.
त्यांची चूल धुपत होती, लाकडं ओली.
काय बोलायचं ते ठरवलं होतं, सगळं विसरले.
नुसती पुढे केली.

एका म्हातारीने ती घेतली, हातात तोलली,
वाकड्या कापावरून अंगठा फिरवला.
"लय जड हाये वो," म्हणाली,
आणि फुंकली.