आजीवन हमी

कुस्कोक्विम नदीच्या काठावरलं आमचं दुकान.
ऑगस्ट संपत आलेला,
मूसची शिकार खुली व्हायला चार दिवस,
आणि नास्तासिया एव्हॉन पेट्या बघायला आलेली.

बघायला म्हणजे बसायला.
आधी करड्या पेटीवर बसली, मग हिरव्या, मग नारिंगी.
"बोटीत खुर्ची नसते," म्हणाली,
"एफिमला बारा तास हिच्यावरच बसायचंय."
हिरवी तिच्याखाली कण्हली.
हिरवी बाद.

मग पिशवीतून काढले
बीव्हरच्या कातड्याचे हातमोजे,
दुकानात, पंखा चालू असताना,
ते चढवले आणि एकेक कडी उघडून पाहिली.
उघड, मीट. उघड, मीट.
"बोटं गारठली की अक्कलही गारठते.
तेव्हा उघडायला हवी."
करडीची कडी चिमूटभर,
मोज्यात सापडेना.

मी सांगत होतो ते सगळं छापील होतं:
झाकणाला सलग रबरी पट्टी,
मीटरभर पाण्याखाली अर्धा तास,
उणे चाळीसलाही तडा नाही,
बंदुकीचं तेल सांडलं तरी डाग नाही,
आजीवन हमी.

"आजीवन," ती म्हणाली. "कुणाचं?
पेटीचं की माझं?"
मी कागद उलटून पाहिला.
मागे गोदामाचा पत्ता होता.

पट्टीवरून तिनं बोट फिरवलं,
जोडापाशी थांबली, नखानं टोकरलं.
म्हणाली, आजी सीलच्या आतड्याचा अंगरखा शिवायची,
काचेसारखा, आरपार दिसणारा.
प्रत्येक टाक्यात वाळल्या गवताची एक काडी.
टाका भिजला की काडी फुगते,
भोक बुजतं.
पाणीच पाण्याला दार लावतं.
"तुझी पट्टी फुगते का?"

नाही, म्हणालो.
एवढं खरं त्या दिवशी मी एकदाच बोललो.

गाव लहान आहे. मलाही माहीत आहे.
अकरा वर्षांपूर्वी निकिफोरची पेटी आधी आली,
खालच्या वळणावर, वाळूत टेकून, सरळ उभी,
कुणी नेमकी ठेवल्यासारखी.
माझ्या बापाच्या हातची विक्री.
आत काडेपेटी कोरडी, चहा कोरडा,
मीठ सुटं सुटं,
काडतुसं एकवीस,
लोकरीच्या मोज्यांची घडीसुद्धा न विस्कटलेली.
बाकीचं सापडायला सहा दिवस लागले.

म्हणून तिनं जेव्हा विचारलं, "तरंगते?"
मी कागदाकडे पाहिलं नाही.
तरंगते.
"भरलेली? सगळं सामान घालून?"
तरीही.
मला वाटलं, आता उठेल,
दुसरं काही दाखव म्हणेल,
कॅनव्हासची थैली, पत्र्याचा डबा,
निदान बुडताना बुडणारं काही.

"नारिंगी दे," म्हणाली. "लांबून दिसते.
आणि दोन वाव दोरी."

दोरी तिथेच बांधली, पेटीच्या मुठीला,
माझी कोणतीच गाठ नसेल अशा गाठीनं.
दुसऱ्या टोकाला फासा केला, मोठा,
मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हात."
मी हात पुढे केला.
फासा मनगटावरून, कोपरावरून, थेट खांद्यापर्यंत नेला,
एक हिसका दिला,
मी गल्ल्यासकट पुढे ओढला गेलो.
"माझ्या पोराचा दंड तुझ्याएवढाच आहे," म्हणाली,
आणि फासा बोटभर सैल केला,
आत जाड कोट असणार म्हणून.

पैसे मोजले. सुटे परत घेतले नाहीत,
त्याच्या काडेपेट्या घेतल्या, आठ,
आणि पेटीत टाकून चारही कड्या लावल्या,
हातमोजे घालूनच.

हमीचा कागद गल्ल्यावरच राहिला.
मी हाक मारली, ती तोवर उतारावर होती,
पेटी पाठीवर, दोरी मागे फरफटत.
अजून आहे तो.
मागच्या कोऱ्या भागावर मी पेट्रोलचा हिशेब मांडतो.
एफिमची बोट निघाली त्या दिवशीचाही त्यावर आहे:
चाळीस लिटर, उधार.