कोरडा फटकारा

म्याओ तिंगशेंग. या नावावरून
आमच्या वर्कशॉपातली पोरं दारामागून म्याँव करतात.
म्हाताऱ्याला कळतं. एकदा तोही म्याँव म्हणाला,
इतक्या गंभीरपणे की पोरं गप्प झाली.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात
लेकीच्या झुंबरांच्या गोदामावर त्याची खोली.
शाईला नळाचं पाणी चालत नाही म्हणे,
समुद्र उकळून काढलेलं, कुठेतरी अजून खारट.
एसीच्या नळीखाली बरणी ठेवतो,
रात्रभर ठिबकलेलं चमचाभर दगडावर घेतो
आणि शाईची कांडी उगाळत बसतो.
माझी आई सहाणेवर बाळगुटी उगाळायची,
जायफळाचे दोन वेढे, हळकुंडाचे चार.
हा मोजत नाही. वासावरून थांबतो.

ऑगस्टात कागद शाई पिऊन फुगतो,
अक्षराला दाढी फुटते.
शमाल सुटला की उलटं,
कुंचला कागदाला टेकेतो टोक आळलेलं.
दोन हात लागतात इथे, तो बोटांनी सांगतो,
एक दमट, एक कोरडा.
आमची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, चिमूटभर अरबी,
उरलेलं सगळं मा फी मुश्किल.

मी व्हिनाइल कापतो.
म्हणजे मशीन कापतं, मी नको ते सोलून काढतो.
आधी कुडाळात पाट्या रंगवायचो,
पिठाच्या गिरण्या, पतपेढ्या, होड्यांची नावं.
शिरोरेघ एका श्वासात ओढायची,
हे बाबल पेंटरनं कान पिळून शिकवलेलं.
मग फ्लेक्स आलं.
कुंचले रॉकेलच्या डब्यात काठीसारखे झाले
आणि मी विमानात बसलो.

मार्चमध्ये त्यानं एका चहाच्या दुकानाची पाटी घेतली.
तीन अक्षरं. चौदा वेळा लिहिली, तेरा फाडली.
उरलेली मी स्कॅन केली.
शेवटच्या अक्षराच्या शेपटीशी शाई संपत आली होती,
केस फाकले होते,
काळ्यातून पांढऱ्या रेघा निसटल्या होत्या.
त्यांच्यात त्याला म्हणतात उडतं पांढरं.
हे मला नंतर कळलं.
कॉम्प्युटरनं कचरा समजून पुसलं,
मी बघितलंही नाही.
गुळगुळीत, गच्च काळं कापून
पांढऱ्या पाटीवर चिकटवून मोकळा झालो.

तो बघायला आला, रस्त्यापलीकडे उभा राहिला.
मधून डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली गेल्या.
छान, म्हणाला. पैसे चुकते केले,
वर पाच दिरहम चहाला.
मग हवेत ती शेपटी पुन्हा ओढली,
शेवटी बोटं थरथरली,
आणि टॅक्सीत बसून गेला.

वाटलं, वय झालं.
रात्री रूमवर डाळीचं भांडं घासताना
काथ्याचे ओरखडे दिसले काजळीवर
आणि हात तिथेच राहिला.

शुक्रवारी शिडी लावली.
मूळ कागद शटरला चिकटपट्टीनं लावला,
नवं पातं घेतलं
आणि एकेक पांढरी रेघ कापून काढत गेलो.
सव्वीस होत्या.
पाचव्या-सहाव्यापर्यंत नुसतं कापणं होतं,
मग श्वास आपोआप धरला जायला लागला.
खालून एक पठाण विचारत होता, खराब हो गया क्या?
तिथेच पातं घसरलं.
एक रेघ जास्तीची पडली,
बारीक, वाकडी, त्याच्या कागदावर नसलेली.
ती बुजवायला हाताशी तुकडा होता.
बुजवली नाही. का, ते सांगता येत नाही.

महिन्यानं तो चहा प्यायला आला,
मलाही बोलावून घेतलं.
पेला हातात धरून वर बघत राहिला,
चहावर साय धरेपर्यंत
(माझ्या, त्याच्यात दूध नसतं).
मग बोट उचललं, सव्वीस रेघा ओलांडून
नेमकं त्या वाकडीवर ठेवलं
आणि माझ्याकडे वळून
अगदी हळू म्हणाला,
म्याँव.