वजा एक तृतीयांश

निकालाच्या नवव्या पानावर लिहिलंय:
मयताचा स्वतःवरचा खर्च, वजा एक तृतीयांश.
शिवाजीनगर कोर्टाच्या जिन्यात
मी ती ओळ बोट ठेवून वाचली. दोनदा.

मयत म्हणजे रोहिदास पांगारे.
अर्जदार क्रमांक एक मी,
दोन आमची सिद्धी, तीन सासूबाई.
सामनेवाला एक, ट्रकचा ड्रायव्हर, कधी आलाच नाही.
दोन, मालक, कराडचा. एकदा आला, फोनवर बोलत गेला.
तीन, विमा कंपनी. तिचे वकील मात्र दर तारखेला वेळेवर,
काळ्या कोटाला लोणच्याचा वास.

मयत काय काम करायचे?
तोलणार, म्हटलं मी.
मार्केट यार्ड, कांदा-बटाटा, अठरा वर्षं.
पोत्याला नुसता हात लावून किलो सांगायचा,
मग काट्यावर घालायचा, स्वतःचीच परीक्षा बघायला.
अंदाजे हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा.

पंचनाम्यात आहे:
उजव्या पायातली चप्पल, एक.
स्टीलचा डबा, चेपलेला.
पिशवीत बटाटे, अंदाजे दोन किलो.

साखरेचा ट्रक होता.
बोगद्यापासून सगळा उतार,
डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला,
नवले पुलाशी ब्रेक लागले नाहीत.
पावतीवर सोळा टन. खरे किती, कुणी तोललं नाही.
फुटल्या पोत्यांतली साखर लोकांनी
हेल्मेटमधून, ओढणीतून भरून नेली.
आमची शेजारीणही त्यात होती.
दहाव्याला सगळ्यांना चहा तिनेच केला. गोड होता.

वयावरून दोन वर्षं गेली.
शाळेच्या दाखल्यावर अडतीस, आधारवर एक्केचाळीस.
अडतिसाला पंधराने गुणतात, एक्केचाळिसाला चौदाने.
त्या एका आकड्यासाठी सासूबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.
आजी, मुलगा कधी झाला?
नसरापूरच्या बाजारातनं म्हैस आणली त्या साली,
ज्वारीची काढणी चालली होती, पहाटंचं.
साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं:
साक्षीदारास जन्मतारीख सांगता येत नाही.

सहवास गमावला, अठ्ठेचाळीस हजार.
अंत्यविधी, अठरा हजार.
ते समजू शकते मी, कुठेतरी आकडा लिहावाच लागतो.
पण एक तृतीयांश?

आमच्या वकीलबाई म्हणाल्या,
ताई, हे सगळ्यांचंच कापतात.
माणूस जगला असता तर स्वतःवर खर्च केलाच असता ना.

मग मी हिशोब मांडला, निकालाच्याच मागच्या कोऱ्या बाजूला.
दाढीचं पातं.
तंबाखूची पुडी, गणपतीत तीही बंद.
उन्हाळ्यात उसाचा रस, बिनबर्फाचा, म्हणजे जास्त येतो.
दिवाळीला एक शर्ट,
त्याला पुढच्या दिवाळीपर्यंत नवाच म्हणायचा.
रात्रपाळीला चहा, अर्धा, उरलेला अर्धा बबन हमालाचा.
पेट्रोल धरायचं का? पण त्या गाडीवर तर
सिद्धीला शाळेत सोडायचा.
कितीही ओढलं तरी महिन्याचे नऊशेच्या वर जाईना.
मग बाकीचं काय कापलं?
यार्डातून आल्यावर ओट्याशी उभ्यानेच
भाकरीचा तुकडा मोडायचा, तो?

पैसे आले.
सिद्धीचे बँकेत आहेत, ती अठराची होईपर्यंत.

काल नऱ्ह्याच्या बाजारात बटाटे घेताना
मी हात आडवा केला.
माल घालायच्या आधी काटा बघायचा,
शून्यावर आहे का, हे त्यानेच शिकवलेलं.
नव्हता.
रिकामं ताट, आणि चाळीस ग्रॅम.

भाजीवाल्याने ताट पुसलं, बटण दाबलं,
जरा रागाने म्हणाला, घ्या, झालं शून्य.
दोन किलो घेतले.
घरी येईपर्यंत हाताला
ते एक किलो नऊशे लागत होते.