खंय खंय धरला हा

झारापच्या तिठ्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
रात्री टोचनवर आली ही निळी गाडी.
मागचा डावा पत्रा आत बसलेला,
काचेच्या चुऱ्यात सुंगटांची फुटकी टोपली.
मालक सावंतवाडीला, सरकारी दवाखान्यात.

ग्राइंडर लगेच लावायचा नाही.
तारेचा ब्रश घ्यायचा, रंग खरवडून टाके शोधायचे,
वाटाण्याएवढे गोल खळगे.
चाकाच्या कमानीवर अकरा, दाराच्या कडेला एकोणीस,
प्रत्येकाभोवती खडूचं कडं.
आग्नेल मेस्त्री म्हणायचा,
"घाय कित्याक? आधी बघ, खंय खंय धरला हा."

ड्रिल वरच्या पत्र्यापुरतंच.
खालचा शाबूत हवा, उद्या त्यावरच नवा बसणार.
टोक किंचित सैल पडतं, तळहाताला कळतं,
तिथे थांबायचं.
आज एक भोक आरपार गेलं.
पोरगा पाने पुसत होता, त्याने बघितलं नाही.

टाके सुटले तरी पत्रा सुटत नाही.
कमानीच्या आत कंपनीचा काळा डिंक.
ओढाल तर लोखंड फाटेल, हा हलणार नाही.
हीट गन वीतभर लांब धरायची, वास सुटेपर्यंत,
मग पातळ पटाशी, एकेक बोट पुढे.
फणस कापताना आई सुरीला खोबरेल लावायची.
इथे तेल चालत नाही,
तेलकट पत्र्याला नवा डिंक धरत नाही.

बाराच्या सुमारास कोणी बाई आली.
मालकाची बहीण, कुंदा धुरी.
पदराने नाक धरून विचारलं, "वाचतल…"
वाचतली की वाचतलो,
गनच्या घरघरीत शेवटचं अक्षर गेलं.
मी म्हटलं, "चासी सरळ आसा."
ती टोपलीकडे बघत राहिली,
मग उचलून घेऊन गेली, फुटकी होती तरी.

तीनला पत्रा सुटला. एकदम नाही,
खालच्या पट्टीला अडून राहिला बराच वेळ.
आत मूठभर वाळू, मिठाने खाल्लेली कड,
आणि त्या पट्टीवर सात टाके कंपनीचे नव्हतेच.
भोकं पाडून भरलेले, वरून घासून सपाट,
सगळे एकाच बाजूला कललेले,
डावखुऱ्या हाताचे.
झारापात डावखुरा एकच होता.

सातातला पाचवा
आरपार गेलेला. मागून भरलेला, निगुतीने,
पत्रा काढल्याशिवाय कुणाला दिसू नये असा.

मी पोराला हाक मारली.
माझं भोक दाखवलं आधी.