सोबतचा माणूस

हुपरीहून सहा दहाची गाडी.
हौसाक्काला तिकीट नाही, पंचाहत्तर पुरी झाली.
मला अर्धं.
कंडक्टर म्हणाला, मागं सरका म्हाताऱ्यांनो,
आणि पट्टणकोडोलीपर्यंत आम्ही उभ्याच.

थोरल्या दवाखान्यात रांग दाराबाहेर आलेली.
केसपेपरवाली पोर विचारते,
पेशंटसोबत कोण?
म्हटलं, मी. जाऊ तिची.
तिनं मला वर-खाली बघितलं.
आणि तुमच्यासोबत?

काय सांगू तिला.
चाळीस वर्षं एका मोरीवरून भांडलो आम्ही,
दोघींचे दादले गेले, मोरी राहिली.
आता मी तिच्यासोबत, ती माझ्यासोबत,
असा रकाना कागदावर नव्हता.

योजनेचं टेबल वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
हौसाक्काला पायरी दिसत नाही,
चप्पल पुढं सरकवून ती आधी कड शोधते,
मग पाय टाकते.
मागची माणसं च्यक च्यक करत बाजूनं जातात.

बारकं यंत्र, लाल उजेडाचं.
अंगठा ठेवा आजी.
ठेवला. लागत नाही.
पदराला पुसला, केसांतल्या तेलाला लावला, ठेवला.
लागत नाही.
मधलं बोट. करंगळी. डावा हात.
एकेक बोट
चुकल्या पोरासारखं पुढं येऊन मागं गेलं.

लागंल कसं?
परकर नेसायची तवापासून
पैंजणाच्या कड्या जोडल्यात त्या बोटांनी,
झाळ दिली, तेजाबात बुडवल्या, कानशीनं घासल्या.
अंगठ्यावरच्या रेषा चांदीच्या भुग्यात गेल्या,
कुठल्या कुठल्या गावांच्या बारशांना.
मजुरी किलोवर होती.
रेषांची कुणी धरली नाही.

पोरगा बरा होता. म्हणाला, डोळा लावून बघू.
दुर्बिणीसारखं दुसरं यंत्र काढलं.
फोटोला बसावं तसा हौसाक्कानं पदर सारखा केला
आणि डोळा मोठा करून बसली.
यंत्र थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिलं,
मग तेही गप्प.
आत पडदा आलाय आजी, पोरगा म्हणाला,
मोतीबिंदूमुळं डोळा घेईना ते.

व्हय बाबा, हौसाक्का म्हणाली.
तोच काढायला आलोय.

राहिला ओटीपी.
तो जातो महादूच्या फोनवर,
आणि महादू इचलकरंजीत
रात्रपाळी करून झोपलेला.
रिंग वाजून वाजून दमली.
गुरुवारी या, साहेब असतात, सही करतात,
पोरगा आमच्याकडं न बघता म्हणाला.

टेकलो बाकावर जरा.
शेजारणीची नात आमच्या पिशवीवर चढलेली,
एका पायातलं पैंजण सुटून लोंबतंय.
हौसाक्कानं पाय मांडीवर ओढला.
बघितलं नाही, बघून काय दिसणार.
अंगठा फिरवत फिरवत एका कडीवर थांबली,
नखानं दाबली,
पुन्हा फिरवला, सोडून दिला पाय.
शेजारीण म्हणाली, सोनारकाम येतंय होय?
तर म्हणे, सोनार वेगळे. आम्ही मजूर.

उतरताना पायऱ्या मी मोजल्या, तिच्यासाठी, मोठ्यानं.
बाविसाव्या पायरीनंतर अजून एक निघाली
आणि दोघी धडपडलो.
पलीकडं टाऊन हॉलच्या झाडांवर कलकलाट.
कसला गं आवाज?
वटवाघळं. उलटी लोंबत्यात दिवसभर.
हां, म्हणाली. नंबर आला नसंल.

परतीलाही तिला तिकीट नाही.
सरकार फुकट आणतं
आणि फुकटच माघारी पोचवतं.
ह्या खेपेला जागा मिळाली, खिडकीची.
तिनं पिशवी चाचपली,
कागद, भाकरीचं फडकं, चष्म्याचं रिकामं घर.

शिरोली मागं पडली असंल, की गोकुळ, मी बघितलं नाही.
माझा डोळा लागत होता
तवा ती कोपर मारून म्हणाली,
गुरुवारी लवकर ऊठ.
मोरी आधी मला लागंल.